युगांडाचं प्रस्थान

आफ्रिका परभणीच्या कोणत्या दिशेला येते, यावरून आमच्या घरात पहिला वाद झाला. माझे थोरले बंधू शिवमूर्ती अण्णा एकदा गोकर्णाला जाऊन आले होते आणि समुद्र त्यांनी स्वतः पाहिला होता, त्यामुळे समुद्राच्या बाबतीत शेवटचा शब्द त्यांचा. समुद्र दक्षिणेला आहे, तेव्हा समुद्रापलीकडे जे काही असेल ते दक्षिणेलाच असणार, असं त्यांनी सांगून टाकलं. मी म्हणालो, बोट मुंबईहून सुटते आणि मुंबई पश्चिमेला आहे. पण मी पडलो कापसाच्या जीनमधला फिटर. दुकानाच्या कुलपात किल्ली अडकली तरच आमच्या घरी माझं मत विचारत. शेवटी पश्चिम ठरली, ती भूगोलामुळे नव्हे. आमच्या दक्षिणेला ज्याचं घर होतं त्याच्याशी अण्णांचं मोरीच्या पाण्यावरून बोलणं बंद होतं आणि पश्चिमेला, गल्ली ओलांडली की, कस्तुराबाईंचं घर होतं.

दिशा कशाला हवी होती, तर प्रस्थान ठेवायला. हल्ली लोक मोटारीत बसतात आणि निघून जातात, म्हणून सांगावं लागतं. मुहूर्त आज आहे आणि निघणं आणखी काही दिवसांनी, अशी अडचण आली की प्रवाशाने आपल्या रोजच्या वापरातली एखादी वस्तू बोचक्यात बांधून, जायच्या दिशेला असलेल्या दुसऱ्याच्या घरी मुहूर्तावर नेऊन ठेवायची. तिथून पुढे तो निघाला असं धरायचं. ते बोचकं मात्र घरी परत आणायचं नाही. आणलं तर प्रवास मोडला, आणि तरीही हट्टाने गेलाच तर वाटेत काय होईल ते बोलू नये. आमच्या वाटेत तर अख्खा समुद्र होता.

मी तेव्हा बन्सीधर शेठच्या जीनमध्ये मिस्त्री होतो. कापसातून सरकी वेगळी करायचे रेचे आणि ते फिरवणारं इंजिन, दोन्ही माझ्या ताब्यात. मुंबईच्या ज्या पेढीला शेठ रुई विकत, तिने युगांडात एक जीन विकत घेतला होता आणि तिला फिटर पाहिजे होता. शेठनी माझं नाव कळवलं. पेढीने मान्य केलं, कुटुंबाचंही भाडं देऊ म्हणाली, आणि राहायला पत्र्याच्या दोन खोल्या व स्वयंपाकघर. पगाराचं ऐकून मी खूष झालो. नीलम्माने, म्हणजे माझ्या बायकोने, पगार विचारलाच नाही.

ती म्हणाली, "सैपाकघर आपलंच का? का तिथं बी कुनाचं आसतंय?"

हे तिने का विचारलं ते सांगतो. रेच्याच्या रोलरवर कातड्याच्या चकत्या बसवलेल्या असतात आणि त्या झिजल्या की बदलणं हे फिटरचं काम. आमचं घर पक्कं आचाराचं. गळ्यात लिंग, आणि कातड्याला हात लावून येणारा मी एकटा. मी विहिरीवर अंघोळ करून, तिथेच लिंगपूजा उरकून मगच उंबऱ्याच्या आत यायचं, असा नियम होता. तोही मला मान्य होता. पण माझे कपडे नीलम्मा धुते, म्हणून बसम्मा वहिनी तिला चुलीला हात लावू देत नसत. दळणं, निवडणं, भांडी घासणं तिचं, चूल वहिनींची. वहिनी काही दुष्ट नव्हत्या, माझ्या दोन्ही लेकींना त्यांनी अंगाखांद्यावर खेळवलं होतं. पण आचार म्हणजे आचार. लग्नाला इतकी वर्षं झाली, दोन मुली झाल्या, आणि बायकोच्या हातची भाकरी मी खाल्ली ती फक्त तिच्या माहेरी, झरीला गेलो तेव्हा.

तुम्ही म्हणाल, मग वेगळं का नाही राहिलात. परभणीत राहून धाकट्याने वेगळी चूल मांडली की गाव म्हणतं भाऊ भाऊ भांडले, आणि थोरल्याला दुकानात तोंड दाखवायची चोरी होते. तीच चूल युगांडात मांडली तर गाव म्हणतं, भाऊ कर्तबगार निघाला. मला अण्णांना दुखवायचं नव्हतं आणि नीलम्माला चूल पाहिजे होती. एवढ्यासाठी समुद्र ओलांडणं हाच सगळ्यात सोपा मार्ग होता.

परदेशी जाण्यासाठी पासपोर्ट लागतो आणि पासपोर्टसाठी आधी आपण इथलेच आहोत हे सिद्ध करावं लागतं. हे मला कचेरीत कळलं. माझे आजोबा, पणजोबा याच मातीत पुरलेले, पण त्यांच्यापैकी कोणी तसा कागद करून ठेवला नव्हता. राज्य तेव्हा हैदराबादचं, म्हणून अर्ज उर्दूत, तारीख त्यांच्या फसली सनातली, स्टॅम्प वेगळा, नेकचालीचा दाखला वेगळा. हे सगळे कागद पाहणारे पेशकारसाहेब फार सभ्य गृहस्थ. पान लावत लावत त्यांनी मला विचारलं, अंगावर ओळखीची निशाणी काय? मी सांगितलं, गळ्यात इष्टलिंग आहे. ते म्हणाले, काढून ठेवता येण्यासारखी वस्तू निशाणी होत नाही. मी म्हणालो, जीव असेतो हे काढत नाहीत. त्यांनी क्षणभर विचार केला आणि लिहिलं, 'उजव्या गालावर तीळ.' माझ्या गालावर तीळ नाही. मी तसं म्हणणार होतो, पण ते म्हणाले की कागद आता पूर्ण झाला आहे, त्यात उगाच कमी काढू नका.

मग त्यांनी पुढचं सांगितलं. अर्ज हैदराबादेला जाण्याआधी एक किरकोळ चौकशी होईल. जमादार घरी येईल, तुम्ही आहात का ते पाहील, की झालं. हफ्ता-दस रोज की बात. त्या हफ्ता-दस रोजवर विसंबून आमच्या जंगम स्वामींनी दसऱ्याचा मुहूर्त काढला. ते म्हणाले, दसऱ्यानंतर इतक्या लांबच्या प्रवासाला योग्य दिवस लवकर नाही, तेव्हा प्रस्थान ठेवून घ्या, बाकी सरकार आणि महादेव बघून घेतील.

दसऱ्याला जीनमध्ये यंत्रांची पूजा झाली आणि माझा निरोपसमारंभही. शेठनी उपरणं आणि नारळ दिला. मुनीमजींनी भाषणात मला सातासमुद्रापलीकडे परभणीचं नाव गाजवायला सांगितलं. माझ्या जागी नेमलेल्या नव्या फिटरने सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी सोनं वाटून झाल्यावर वाजंत्र्यांसह बोचकं निघालं. त्यात माझे नटबोल्ट पिळायचे पाने, नीलम्माचं एक लुगडं आणि मुलींचे परकर. गल्ली रुंद नसल्यामुळे वाजंत्री मागून निघेपर्यंत बोचकं पोहोचलंसुद्धा.

इथवर सगळं रीतीप्रमाणे झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी शंका काढली. बोचकं निघालं आणि माणसं इथेच जेवतात-झोपतात, हे कसलं प्रस्थान? एखाद-दुसरा माणूस असता तर गोष्ट वेगळी, पण इथं अख्खं बिऱ्हाड निघालं आहे. स्वामींना विचारलं. स्वामींना वहिनींच्या हातचं जेवायचं होतं; त्यांनी शंका योग्य आहे असं सांगितलं. दुपारपर्यंत आम्ही चौघं कस्तुराबाईंच्या कापूस ठेवायच्या खोलीत होतो, आणि संध्याकाळी आमच्या खोलीत तुरीची पोती. पोती ठेवायला जागा नाही म्हणून अण्णा पावसाळाभर कुरकुरत होते, हे मला तेव्हा आठवलं.

कस्तुराबाई आबासाहेबांची बायको. त्यांची शेती पेडगावला, आबासाहेब तिकडेच असत आणि बाई मुलांच्या शाळेसाठी परभणीत. बाई मनाने मोठ्या आणि बोलण्यात त्याहून मोठ्या. त्यांच्या घरात मटण शिजायचं, तेव्हा त्यांच्या चुलीवरचं आम्हाला चालणं शक्यच नव्हतं आणि आमच्या घरून ताट येणं प्रस्थानाला चालणार नव्हतं. म्हणून नीलम्माने खोलीच्या कोपऱ्यात माती कालवून चूल घातली. ती वाळेपर्यंत तिला दम निघेना. पहिल्या दिवशी भाकरी एका बाजूने करपली. मी ती संपवली, तर तिने विचारलं, "कशी झाली?" मी म्हणालो, झरीत होते तशीच. मग तिने मला आणखी एक वाढली, तीही करपलेली.

आमची तिथं मजेत सोय झाली, पण माझी बाहेर फार कुचंबणा होऊ लागली. माणसाला एकदा निरोप दिला की तो दिसू नये अशी लोकांची अपेक्षा असते. ज्यांनी मला जेवायला बोलावून डोळे पुसले होते त्यांना मी मंडईत वांगी घेताना दिसलो की त्यांचा चेहरा पडे. कोणी विचारी, "अजून हायतच का?" त्या प्रश्नात प्रेम फार कमी असे. जीनकडच्या रस्त्याने मी जाईना, कारण शेठचं उपरणं घेऊन त्यांनाच सामोरं कसं जायचं? शिवाय गल्लीतल्या लोकांना कस्तुराबाईंनी ताकीद देऊन ठेवली होती. प्रस्थान ठेवलेला माणूस गेलेला आहे, तो आहे असं कुणी तोंडाने म्हणायचं नाही. म्हटलं आणि उद्या बोटीला काही झालं तर ते पाप त्याच्या माथी. तेव्हापासून लोक मला पाहून न पाहिल्यासारखं करू लागले. एकदा न्हाव्याने माझी दाढी केली, तीसुद्धा एक शब्द न बोलता.

दिवाळी गेली तरी जमादार येईना. म्हणून एके सकाळी मी कचेरीत जाऊन ओट्यावर बसलो, चौकशी कधी होणार याची चौकशी करायला. नीलम्मा मुलींना घेऊन विहिरीवर धुणं धुवायला गेली होती. नेमका त्याच वेळी जमादार आमच्या गल्लीत आला.

पुढचं मला नंतर समजलं. तो आधी आमच्या दुकानात गेला. अण्णांनी तराजूशी बसून आयुष्यात खोटं सांगितलेलं नाही. गुरुसिद्धप्पा, म्हणजे मी, इथे राहतो का, असं जमादाराने विचारलं. 'राहतो' म्हटलं तर भावाची बोट बुडते. अण्णा म्हणाले, गेला. कुठे गेला? आफ्रिकेला. जमादार चकित झाला. त्याने खात्रीसाठी समोर कस्तुराबाईंना विचारलं. कस्तुराबाईंनी त्याला पाणी दिलं, गूळ दिला आणि सविस्तर सांगितलं: दसऱ्यालाच गेले, वाजतगाजत गेले, लेकरं लय रडायली होती, आता पोचले बी असतील. हे त्या आमच्या खोलीच्या दाराला टेकून सांगत होत्या आणि आत आमची तुरीची आमटी चुलीवर उकळत होती.

त्याच सुमाराला बन्सीधर शेठचे मुनीमजीही गल्लीत येऊन गेले. पेढीने तारेने विचारलं होतं, फिटर निघाला का? मुनीमजींनाही तेच उत्तर मिळालं. त्यांनी तार ठोकली, निघाला. हे तर मला फार उशिरा कळलं.

आठवड्याने पेशकारसाहेबांनी माझ्या कागदांचा बस्ता उघडला, कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा कागद वाचला.

"मियाँ," ते हळहळून म्हणाले, "आप तो जा चुके."

मी म्हटलं, साहेब, मी आपल्यासमोर उभा आहे. ते त्यांना दिसत होतं. पण मी उभा आहे हे त्यांना दिसणं वेगळं आणि दप्तराला दिसणं वेगळं. दप्तरात मी, माझी बायको आणि दोन मुली पासपोर्टशिवाय मुलुख सोडून गेलेलो होतो, त्यासाठी खरं तर माझ्यावर मुकदमा व्हायचा. मी परत आलो असं लिहावं, तर ज्या कागदावर गेलो तो दाखवावा लागेल. गेलोच नाही असं लिहावं, तर ज्यांनी गेला म्हणून सांगितलं त्यांनीच येऊन जबानी बदलावी लागेल. पेशकारसाहेबांनी मला पान दिलं. माझ्या दुःखात ते मनापासून सहभागी होते, फक्त त्यांना काही करता येत नव्हतं.

अण्णांना मी हे सांगितलं तेव्हा ते वजनं पुसत बसले. मग म्हणाले, "सिद्ध्या, तू म्हनशील ते करतो. पन तू हितंच हाईस हे माज्या तोंडानं वदवू नको. लेकरं घेऊन पान्यातून जायलाय तू."

मला राग आला होता, तो तिथेच विरला. धाकटा भाऊ कातड्याला शिवतो म्हणून त्याला विहिरीवर उभा करणारा हा माणूस, त्याची बोट बुडू नये म्हणून सरकारशी खोटं बोलून बसला होता आणि ते खोटं आहे हेही त्याला पटत नव्हतं. अशा माणसाशी भांडता येत नाही. नीलम्मा इकडे सारखी एकच विचारायची, "मंग कवा निघायचं आपन?" तिने चुलीला पोतेरं घालून घालून ती गुळगुळीत केली होती. तिकडे अशीच घालता येईल, माती निराळी असली तर चार दिवस जास्त लागतील, असा तिचा अंदाज होता.

अखेर स्वामींनीच तोड काढली. बराच वेळ डोळे मिटून त्यांनी निर्णय दिला की कचेरीत उर्दूत बोललेलं घराला लागत नाही. अण्णांनी जबानी द्यायला हरकत नाही, फक्त ती मराठीत देऊ नये. अण्णांचं उर्दू गिऱ्हाइकापुरतं. त्यांनी एका हाताने गळ्यातलं लिंग धरलं आणि घामाघूम होऊन भाऊ 'यहींच है' एवढं सांगितलं. कस्तुराबाई मात्र बधल्या नाहीत. मी खोटं बोलले न्हाई आणि बोलनार बी न्हाई, असं त्यांनी निक्षून सांगितलं. त्यांच्याऐवजी आबासाहेब पेडगावहून आले आणि पेशकारांनी जे जे विचारलं त्या सगळ्याला हो म्हणाले.

मग बस्ता हलला. दुसरा जमादार आला, त्याला मी स्वतः रस्त्यात गाठून माझा हात धरायला लावला. संक्रांतीनंतर पासपोर्ट आला. निळ्या पुठ्ठ्याचा, आत आमचा चौघांचा फोटो, नीलम्माचा पदर नाकापर्यंत, आणि माझ्या गालावर तीळ असल्याची सरकारी नोंद. तो घेऊन मी तसाच जीनकडे पळत गेलो. उपरण्याची लाजही वाटली नाही.

शेठनी मला पाहिलं आणि त्यांच्या हातातला चहा बशीत सांडला. त्यांच्या हिशोबाने मी केव्हाच गेलो होतो आणि मधेच कुठेतरी नाहीसा झालो होतो. फिटर निघाला, अशी तार गेल्यावर पेढीचा माणूस तिकडे बंदरावर बोट येईल तेव्हा जाऊन उभा राहत होता. मी उतरलो नाही. कापूस तर जीनच्या दारात येऊन पडला. मग त्यांनी खानदेशातला एक फिटर बोलावून घेतला आणि परभणीच्या माणसाचं नाव पुन्हा काढू नका म्हणून कळवलं. शेठ म्हणाले, त्यांना सगळं समजावून लिहितो. त्यांनी लिहिलंही असेल. पण प्रस्थान म्हणजे काय हे तारेत मावत नाही. आमच्या जीनमध्ये तर नवा फिटर चांगला रुळला होता. शेठनी मला त्याच्या हाताखाली जागा दिली आणि मी ती घेतली.

घरी, म्हणजे कस्तुराबाईंच्या खोलीत, येऊन मी सांगितलं. नीलम्मा भाकरी थापत होती. तिने तव्यावरची भाकरी उलटली, फुगू दिली, काढून ठेवली आणि मग विचारलं, "आता ह्या खोलीत ऱ्हायाचं कारन न्हाई मंग?"

कारण उरलं नव्हतं. जाणारा माणूसच कस्तुराबाईंकडे राहू शकत होता. न जाणाऱ्याने समोर भावाचं घर असताना दुसऱ्याकडे बिऱ्हाड केलं तर लोक काय म्हणतील ते सांगायला नको. मी म्हणालो, येताना अण्णांना सांगितलं, ते पोती हलवायला लागलेत. वहिनींनी आपला स्वयंपाकही केला आहे.

"ऱ्हाऊ द्या. हितलं एवढं जेवून जाऊ," ती म्हणाली.

तिने मुलींना वाढलं, मला वाढलं आणि आमच्याबरोबर स्वतःलाही वाढून घेतलं. अण्णांच्या घरी ती सगळ्यांच्या शेवटी जेवायची. इथे गेले तीन महिने आमच्याबरोबर बसत होती. मुलींना मजा वाटत होती, कारण पलीकडे गेल्यावर पोत्यांवर खेळायला मिळणार होतं. जेवण झाल्यावर नीलम्माने निखारे बाहेर काढले, त्यांवर पाणी शिंपडलं आणि चूल गार होईपर्यंत तिच्याजवळ बसून राहिली. बोचकं मी उचललं. मला फार वाईट वाटत होतं. नोकरी गेली याचं नव्हतं इतकं. तीन महिने आम्ही गल्लीच्या पलीकडे सुखात होतो आणि सगळा वेळ मी पासपोर्ट कधी येतो याच्या काळजीत घालवला, याचं वाटत होतं.

गल्ली ओलांडली. उंबऱ्याशी बसम्मा वहिनी भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. लांबच्या प्रवासाहून आलेल्या माणसावरून तुकडा ओवाळून टाकतात, पायांवर पाणी घालतात. वहिनींच्या लेखी आम्ही दसऱ्याला निघालेलो होतो, तेव्हा आज परत येत होतो. त्यांनी रीत सोडली नाही. त्या टोमणा मारत होत्या का, हे मी त्यांच्या तोंडाकडे बघून ओळखायचा प्रयत्न केला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

तुकडा ओवाळून झाल्यावर त्या नीलम्माला म्हणाल्या, "दमलीस का गं?"

नीलम्मा वाकून त्यांच्या पाया पडली. "व्हय अक्का," ती म्हणाली, "लय लांब गेलतो."

मग तिने पदर खोचला आणि मागच्या दारी भांडी घासायला गेली.